जुनी जपानी गाडी घरच्या घरी दुरुस्त करायची तर

जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना एक वाक्य वारंवार भेटतं: ‘काम अर्धं झालंय, सगळे पार्ट पेट्यांत आहेत.’ हा छंद बहुतेकांचा तिथेच संपतो. दरवेळी पैसे संपलेले असतात असं नाही, क्रम चुकलेला असतो. पहिल्याच सुट्टीत उत्साहाच्या भरात इंजिनापासून सीटपर्यंत सगळं उघडलं जातं आणि तीन महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे पहिल्यांदाच हात घालणाऱ्यासाठी माझा एकच आग्रह आहे. एका वेळी एकच काम उघडायचं, ते पुरं करायचं, बंद करायचं आणि मगच पुढच्याला हात लावायचा. गाडी शक्यतो चाकांवर उभी राहिली पाहिजे, ढकलून हलवता आली पाहिजे.

गाडी निवडताना

इंजिन बंद असलेली पण पत्रा चांगला असलेली गाडी घ्यावी. इंजिन फुरफुरतंय पण खालून पत्रा कुजलाय, अशी गाडी घेऊ नये. इंजिन काढून दुसरं बसवता येतं, कुजलेली चेसिस मात्र वेल्डिंग येणाऱ्यालाही रडवते.

बघायला जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा आणि तो फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समजा. प्रत्येक मॉडेलच्या गंजण्याच्या जागा ठरलेल्या असतात. डॅटसन (म्हणजे निसानच्या) २४०झेडमध्ये बॅटरीखालचा ट्रे आणि त्याच्या खालचा भाग, शिवाय फ्लोअरखालून जाणारे चेसिसचे रेल. कोरोला एई८६मध्ये मागच्या चाकांच्या कमानी आणि दाराखालच्या पट्ट्या. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५मध्ये कापडी छताचं पाणी वाहून नेणारी भोकं पाल्याने बुजतात, पाणी दाराखालच्या पट्टीत साचतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून खाल्ला जातो.

नवख्याला कुठली गाडी बरी? १९८९ साली आलेली एमएक्स-५ किंवा साधी चार सिलिंडरची कोरोला. इंजिनाभोवती हात घालायला जागा असते आणि पार्टही मिळतात. कंपन्यांनी स्वतःच जुन्या पार्टचं उत्पादन पुन्हा सुरू केल्याचाही फायदा होतो. निसानच्या निस्मो या विभागाने २०१७ मध्ये आर३२ स्कायलाइन जीटी-आरपासून सुरुवात केली, टोयोटाने २०२० पासून जुन्या सुप्राचे पार्ट द्यायला घेतले आणि पुढे एई८६चेही आणले. माझदाची आरएक्स-७ दिसायला कितीही देखणी असली तरी तिचं रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं, इंजिन हा वेगळाच अभ्यास आहे. तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या आत तयार होणारा दाब, मोजायलासुद्धा वेगळं यंत्र लागतं. पहिली गाडी म्हणून ती नको.

बॉनेटखालच्या पाटीवर मॉडेल आणि चेसिस नंबर असतो. बऱ्याचदा रंगाचा आणि आतल्या कापडाचा कोडही असतो. तिचा फोटो काढून ठेवा, पार्ट मागवताना नुसतं ‘कोरोलाचा’ म्हणून भागत नाही. एई८६मधला ‘ए’ इंजिनाच्या घराण्याचा आणि ‘ई’ कोरोलाचा. अशी ओळख पटली की अर्धी चुकीची खरेदी टळते. त्या मॉडेलचं कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअलही मिळवा. पुढे ‘मॅन्युअलप्रमाणे’ असं म्हणेन तेव्हा तेच अभिप्रेत आहे.

हत्यारं, आणि जपानी स्क्रूची भानगड

जपानी गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण फिलिप्स नसतात. ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे असतात. खाच थोडी निराळी असते. फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि डोकं गोल होतं. कार्ब्युरेटरच्या झाकणांवर, ब्रेक ड्रमवर आणि दारांच्या कुलपांवर लोक हेच करून बसतात आणि मग स्क्रू फार घट्ट होता म्हणतात. बऱ्याच जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ते ओळखता येतात. जेआयएसचे दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकून फिरवायचा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढी खरेदी सगळ्यांत आधी करा.

पान्यांचं मात्र सोपं आहे. १०, १२, १४ आणि १७ एवढ्यात बरीचशी गाडी सुटते. ६ मिमी बोल्टला १०चा पाना, ८ला १२चा, १०ला १४चा. युरोपी गाड्यांवर ८ मिमी बोल्टला १३चा पाना लागतो. म्हणून तुमच्या जपानी गाडीत १३चं डोकं दिसलं की आधी कोणीतरी हात मारून गेलंय असा संशय घ्यायला हरकत नाही. ब्रेकच्या नळ्यांच्या नटांना साधा फिक्स पाना लावू नका. त्यासाठी नळीवरून सरकवता येणारा, एका बाजूला फट असलेला रिंग पाना मिळतो. ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंचही लागेल, तोही खरा चालणारा.

गाडीखाली शिरायचं तर ती घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवूनच. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. घोड्या लावल्यावर खाली जाण्याआधी गाडीला बाहेरून जोरात हलवून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

प्रत्येक काम उघडण्याआधी फोटो, मग प्रत्येक कामाची वेगळी पिशवी आणि पिशवीवर नाव. ‘हे लक्षात राहील’ असं मला एकदा एका डायनॅमोच्या दोन वायरींबद्दल वाटलं होतं. राहिलं नाही.

आधी ब्रेक

इंजिन चालू करण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण चालणारं इंजिन आणि मेलेले ब्रेक ही जोडी वाईट, कारण एकदा सुरू झाली की गाडी कोणीतरी गल्लीतून फिरवून आणतंच.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रबराचं सगळं बदलायचंच: ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरचे आणि मास्टर सिलिंडरचे वॉशर. होज बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून सुजलेला असतो. मग पेडल सोडल्यावरही ऑइल परत येत नाही आणि चाक धरून राहतं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा आणि मास्क लावा.

ब्रेक ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही. नव्या सीलबंद बाटलीतलंच वापरा, कारण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रंगावर सांडलं तर रंग उचलून नेतं, म्हणून पाण्याची बादली जवळ हवी. हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच धरा.

मग इंजिन

चावी फिरवायची नाही. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि एखादा दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या पुलीवरच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. बहुतेक जपानी इंजिनं समोरून बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पण होंडाची त्या काळातली बरीच इंजिनं उलट्या दिशेने फिरतात. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडा आणि वाट बघा. मोकळं फिरलं तर टायमिंग बेल्ट बघा. बेल्टवालं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला हे ठाऊक नसेल, तर तो आत्ताच बदलायचा. २४०झेडसारख्या चेनवाल्या इंजिनात ही काळजी कमी असते.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. ते वार्निशसारखं घट्ट होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतं. टाकी आतून गंजली असेल तर व्यावसायिकाकडे द्या. पेट्रोलच्या टाकीवर घरी वेल्डिंग करायचं नाही, रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि तीच जास्त धोक्याची. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे टाका, इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब जेमतेम ३-४ पीएसआय असतो, इंजेक्शनच्या गाडीत तो त्याच्या दहापट असू शकतो. एकीचा पाइप दुसरीला लावला तर आग लागायला निमित्त पुरतं. ही सगळी कामं चालू असताना फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असू द्या.

ऑइल, फिल्टर, कूलंट, प्लग नवे घालून इंजिन सुरू झालं की ते गरम करा आणि कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादं सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. निदान झालं म्हणून लगेच इंजिन उघडायला बसू नका. चालतंय ना, मग ते काम पुढच्या हंगामात.

वायरिंग

जुन्या जपानी गाड्यांच्या वायरिंगला लोक उगीच घाबरतात. निम्मे दोष अर्थिंगचे असतात. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी अर्थची वायर सोडा, टोक आणि पत्रा घासून चकचकीत करा, परत घट्ट बसवा. नंतर लाइट चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि लाइटचं अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अजून कुठेतरी गंज आहे.

वायरींचे जुने जोड उघडून टेप गुंडाळत बसू नका. आधीच्या मालकाने लावलेला अलार्म, गाण्यांचा टेप, जास्तीचे लाइट हे सगळं आधी काढून टाका. गाडीची मूळ वायरिंग त्याखाली बऱ्याचदा शाबूत सापडते.

गंज आणि रंग

हे काम शेवटी. गंज घासून झाकायचा नसतो, चकाकता पत्रा लागेपर्यंत मागे जायचं असतं. वरवरचा असेल तर वायर ब्रश, मग गंज मारणारं रसायन, मग इपॉक्सी प्रायमर. आरपार भोक असेल तर कापून नवा पत्राच जोडावा लागतो. बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, मिगने (तारेच्या वेल्डिंग यंत्राने) सलग वेल्ड मारला तर तो वेडावाकडा होतो. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, गार होऊ द्यायचं, मग पुढचा. बॅटरी सोडलेली हवी आणि जवळची रबरं-कापडं बाजूला. जमत नसेल तर कापणं-घासणं तुम्ही करा आणि वेल्डिंग जाणकाराला द्या. पोकळ भागांत आतून मेण फवारायला आणि पाणी जाणारी भोकं मोकळी करायला विसरू नका, नाहीतर सगळं पुन्हा आतून सुरू होईल.

शेवटचा रंग माझ्या मते बाहेर व्यावसायिकाकडून मारून घ्यावा. दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो.

सुधारणा: काय करावं, काय टाळावं

पहिली सुधारणा टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा, त्याचा झोपाळा करा. त्यानंतर चांगले ब्रेक पॅड, नवे रबरी बुश, नवे शॉक ॲब्सॉर्बर. एवढ्याने गाडी इतकी बदलते की इंजिनाची ताकद वाढवायचा विचार बरेच दिवस मागे पडतो. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापू नका. आणि मॅकफर्सन स्ट्रटची (शॉक ॲब्सॉर्बरभोवती बसवलेली) स्प्रिंग काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडू नका, ती दाबलेली स्प्रिंग माणूस मारू शकते.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो. रिले टाकले की स्विच वाचतो आणि उजेडही वाढतो. ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनही करण्यासारखं आहे, तासाभराचं काम.

व्हील घेताना पीसीडी बघा, म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीतला व्यास. २४०झेड आणि एई८६ दोन्हींना ४×११४.३, पहिल्या एमएक्स-५ला ४×१००. नटांचे आटेही (मिमीत जाडी × आट्यांमधलं अंतर) बघा: टोयोटा, होंडा, माझदा यांचे १२×१.५, निसान आणि सुबारूचे १२×१.२५. चुकीचा नट दोन-तीन आटे निमूट चढतो, मग स्टड घेऊन जातो. ऑइल प्रेशरचा मीटर लावतानाही असाच सापळा. जपानी इंजिनाच्या त्या भोकाला बीएसपीटी (ब्रिटिश मानकाचे) आटे असतात आणि बाजारातले बरेच सेन्सर एनपीटीचे (अमेरिकी मानकाचे). इंचाला २८ आणि २७ आट्यांचा फरक, बसतो असं वाटतं आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचं घर तडकतं.

काढलेला प्रत्येक मूळ पार्ट जपून ठेवा. बदल नोंदणीच्या आणि विम्याच्या नियमांत बसतात का हेही खरेदीआधी विचारून घ्या.

पहिली फेरी छोटी, चार-पाच किलोमीटरची. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न लावता नुसता धरून बघा. एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. खाली पुठ्ठा पसरून रात्रभर उभी ठेवा, सकाळी थेंब कुठल्या रंगाचे आणि कुठे पडलेत ते बघा. आणि शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.