साहेबांवर चिडलात? आधी वही काढा

डब्याच्या वेळी आमच्या भांडुपच्या ऑनलाइन पार्सलच्या गोदामात वरच्या साहेबांना शिव्या घालण्यात अर्धा तास सहज जातो. शिव्या रास्तच आहेत. सेलच्या आधी साहेब स्क्रीनवर येऊन ‘आपण एक कुटुंब’ म्हणतात, आणि सेल संपला की ओटीला, म्हणजे जादा तासांच्या पैशाला, कात्री लागते. पण त्या साहेबांना तुमचं नावही ठाऊक नसतं, आणि तुमच्या पगारपावतीवर नाव असतं ठेकेदाराचं. म्हणून आधी पावती काढा आणि वरचं नाव वाचा. पावतीच देत नसतील तर उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा, पैसे कोण भरतं ते तिथे दिसतं. कोणीच भरत नसेल तर तोही तक्रारीचा मुद्दा.

आता वही. सॉर्टिंगला येण्याआधी मी ठेकेदाराकडे हजेरी भरायचे, त्यामुळे तास कुठे गळतात ते मला पक्कं ठाऊक आहे. शिफ्ट संपली की सुपरवायझर सगळ्यांना हजेरीच्या मशीनवर पंच करायला लावतो आणि मग म्हणतो, ‘एवढी एक गाडी खाली करून जा.’ ती गाडी मशीनला दिसतच नाही. फोन लॉकरमध्ये, त्यामुळे आत फोटो काढायची सोय नाही. गेटबाहेर पडल्या पडल्या स्वतःलाच व्हॉट्सॲप करा: आत किती वाजता, बाहेर किती वाजता, कोणती गाडी. मेसेजवर वेळ आपोआप पडते. ग्रुपवर ‘आज कोणी निघायचं नाही’ आलं की बाहेर आल्यावर पहिला स्क्रीनशॉट त्याचा, कारण नंतर तो मेसेज उडतो. घरी येऊन तेच वहीत उतरवा, रोजच्या रोज. आठवड्याचं एकदम आठवून लिहिलेलं कोणी मानत नाही, आणि मानूही नये.

हिशेब सोपा आहे. समजा पगार १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागले की रोजचे ६००, आठ तासांनी भागले की तासाचे ७५. जादा तासाला कायद्यानं दुप्पट, म्हणजे १५०. दोन तास थांबलात तर ३०० रुपये. त्याऐवजी मिळालेला वडापाव हिशेबात धरायचा नाही.

अर्ज मराठीत, एका पानात. साहेबांची गाडी, त्यांची परदेशवारी यातलं काही नको. तारखा, तास आणि रक्कम पुरे. अर्ज ठेकेदाराच्या नावानं, प्रत कंपनीला. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या कंपनीवर येते, आणि वरच्यांना नेमकं हेच विसरायला आवडतं. सह्या एकाखाली एक न घेता गोलात घ्या, म्हणजे पहिलं नाव कोणाचं ते कळत नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मागा. नाकारली तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. उत्तर आलंच नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे वहीची झेरॉक्स घेऊन जा. मूळ वही कोणाच्याही हातात द्यायची नाही.

बाईकवर पार्सल पोचवणाऱ्या पोरांचं गणित वेगळं. त्यांना कंपनी कामगार मानत नाही, ‘पार्टनर’ म्हणते, त्यामुळे ओटीचा हा रस्ता त्यांना सहसा लागू पडत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र असे ‘पार्टनर’, म्हणजे गिग कामगार, आलेत. त्यांनी निदान सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी.

अर्ज पोचला की एकेकाला केबिनमध्ये बोलावणं येईल. चहाही येईल. एकट्यानं जायचं नाही, दोघं जा, आणि जे काही कबूल करतील ते ‘लिहून द्या’ म्हणा. रोख देऊन मिटवायला निघाले तर पैसे घ्या, पण व्हाउचरवर रक्कम आणि महिना लिहिलेला असेल तरच सही. कोऱ्या कागदावर नाही, आणि ‘सर्व येणे मिळाले’ असं छापलेलं असेल तर सगळं मिळाल्याशिवाय तर मुळीच नाही.