थेंब कमी दिसले म्हणजे चरबी कमी झाली असं नाही

सांगली-मिरजेकडून एमएस्सी करून कॅन्सर बायोलॉजीत पीएचडीला जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सेल कल्चर तुम्हाला येतं असं धरून चालते.

पेशीत जादा फॅटी ॲसिड आलं की डीजीएटी१ आणि डीजीएटी२ ही एन्झाइम्स त्याचं ट्रायग्लिसराइड करतात आणि ते लिपिड ड्रॉपलेटमध्ये, म्हणजे चरबीच्या बारीक थेंबात, साठतं. तुम्ही डीजीएटी१ चा इनहिबिटर, म्हणजे त्याला रोखणारं औषध देता, बोडिपी हा थेंबांना हिरवं चमकवणारा रंग लावता, मायक्रोस्कोपखाली बघता. कंट्रोलमध्ये, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींत, हिरव्या ठिपक्यांचा खच, ट्रीटमेंटमध्ये जवळपास काळोख. वहीत लगेच वाक्य उतरतं: पेशीतली चरबी घटली. इथेच घात होतो. या एका वाक्याने माझे फार दिवस खाल्ले, म्हणून जरा खोलात सांगते.

हरिपूरची हळदीची पेवं आठवा. पेवाचं तोंड बंद केलं म्हणून हळद नाहीशी होत नाही, ती बाहेर उघड्यावर पडून राहते. पेशीतही तसंच. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी फॅटी ॲसिड स्वतः बनवतात, बाहेरूनही ओढतात. साठवण थांबली तरी आवक थांबत नाही. २०२० साली या ट्यूमरवर झालेल्या कामात हेच दिसलं. डीजीएटी१ रोखल्यावर मोकळं फॅटी ॲसिड ॲसिलकार्निटीन (त्याचं आत नेता येणारं रूप) होऊन मायटोकॉन्ड्रियात घुसलं, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढला आणि पेशी मेल्या. म्हणजे मारक ठरली ती जागा न मिळालेली चरबी. ठिपके मोजून हे कधीच कळणार नाही. ठिपका फक्त साठा दाखवतो. मोकळं फॅटी ॲसिड वेगळंच मोजावं लागतं.

उलटंही ध्यानात ठेवा. ठिपके वाढले म्हणजे चरबी जास्त तयार झाली असं नसतं; ती फोडणारं एटीजीएल हे एन्झाइम अडलं तरी साठा फुगतो.

सिनियरचा झेरॉक्स प्रोटोकॉल डोळे झाकून वापरू नका. मिथेनॉलने फिक्स केलंत तर लिपिड धुऊन जातं, ट्रायटन या डिटर्जंटने ठिपक्यांची वाट लागते. फॉर्मॅल्डिहाइड घ्या; अँटिबॉडीही लावायची असेल तर ट्रायटनऐवजी सौम्य सॅपोनिन. आणि फोटो पाहून ‘छान आलंय, पुढे चल’ म्हणणाऱ्या गाईडपेक्षा आणखी एक कंट्रोल मागून डोकं उठवणारा गाईड बरा, हे माझं ठाम मत आहे.

लिपिड नेमके मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर आपल्याकडच्या कॉलेजात नाही म्हणून खचू नका. सिलिकाची टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेट, हेक्झेन, डायइथाइल ईथर, थोडं ॲसिटिक ॲसिड आणि आयोडीनची वाफ एवढ्यावर पहिला अंदाज येतो. पिवळसर तपकिरी डाग उमटतात: कोलेस्टेरॉल एस्टर सगळ्यात वर, त्याखाली ट्रायग्लिसराइड, त्याच्याही खाली फॅटी ॲसिड, फॉस्फोलिपिड तळाशीच राहतात. शेजारी स्टँडर्ड लावा आणि पेशी भरपूर घ्या, नाहीतर डाग दिसणारच नाहीत. ट्रायग्लिसराइडचा डाग फिकट आणि फॅटी ॲसिडचा गडद झाला, तर कशावर लिहायचं ते तुम्हाला सापडलं.

सीरमची बॅच प्रयोगाच्या मध्येच बदलू नका, त्यातही लिपिड असतात. आणि इनहिबिटर देऊनही ठिपके तसेच राहिले, तर औषध खराब म्हणून टाकून देऊ नका. आधी डीजीएटी२ तपासा. बऱ्याच पेशींत ते डीजीएटी१ चं काम अंगावर घेतं.