लीजवर महागडी एसयूव्ही घेताना: गॅसची की प्लग-इन हायब्रिड?

अमेरिकेत येऊन दीड-दोन वर्षे झाली, नोकरी स्थिरावली आणि क्रेडिट स्कोअर जरा वर सरकला, की आपल्याकडच्या बहुतेक घरांत मोठ्या गाडीचा विषय निघतो. विकत घेण्याइतकी रक्कम हाताशी नसते, म्हणून तीन वर्षांच्या लीजचा, म्हणजे दरमहा हप्ता भरून गाडी वापरण्याचा आणि मुदत संपली की परत करण्याचा, मार्ग सोयीचा वाटतो. मला या देशात अठरा वर्षे झाली आणि या काळात मी तीन एसयूव्ही लीजवर वापरल्या. त्यांतली पहिली निवड साफ फसली होती, त्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ती प्लग-इन हायब्रिड होती, म्हणजे चार्ज केलेल्या बॅटरीवर काही मैल आणि पुढे गॅसवर (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) चालणारी. मी तेव्हा अपार्टमेंटमध्ये राहत होतो. माझ्या पार्किंगच्या जागेमागच्या भिंतीवर १२० व्होल्टचे एक सॉकेट होते आणि मी सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली. पहिल्याच आठवड्यात रात्री केबल लावून झोपलो. सकाळी येऊन पाहतो तर चार्जरवरचा दिवा विझलेला आणि बॅटरी जिथल्या तिथे, कारण रात्रीच्या पावसाने ओल येऊन सॉकेटमधले सुरक्षेचे बटण उडाले होते. पुढे ते सॉकेट केवळ साफसफाईच्या यंत्रांसाठी असल्याचे व्यवस्थापनाने लेखी कळवले आणि उरलेली जवळपास तीन वर्षे मी एक जडशीळ बॅटरी गॅसच्या जोरावर वाहून नेत राहिलो.

म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपली गाडी रात्री नेमकी कुठे उभी राहणार आहे, ते पाहून घ्यावे. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर ताशी सुमारे १.४ युनिट वीज मिळते. बीएमडब्ल्यू एक्स५च्या प्लग-इन मॉडेलमधील बॅटरीची वापरता येणारी क्षमता १९ युनिटांच्या आसपास आहे, म्हणजे ती पूर्ण भरायला चौदा-पंधरा तास लागतात. २४० व्होल्टची जोडणी असेल तर तेच काम तीन-चार तासांत होते. स्वतःचे गॅरेज असेल तर प्रश्न मिटला. भाड्याच्या घरात मात्र घरमालकाची लेखी परवानगी लीजवर सही करण्याच्या आधी हातात हवी. सार्वजनिक फास्ट चार्जरवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांना त्यांचा डीसी प्लग बसतच नाही.

सॉकेटची सोय झाली की पुढचा प्रश्न हिशेबाचा. या वर्गातील बऱ्याच गाड्या पूर्ण चार्जवर ३० ते ४० मैल विजेवर जातात: व्होल्वो एक्ससी९० बत्तीस-तेहतीस, लेक्सस आरएक्स ४५०एच प्लस सदतीसच्या आसपास, तर एक्स५ चाळिशीच्या जवळ. कडाक्याच्या थंडीत हा आकडा बराच खाली येतो. एका युनिटला मी दोन मैल धरतो. वीज १७ सेंट युनिट असेल तर मैलाला साडेआठ सेंट पडतात. त्याच आकाराची गॅसची गाडी गॅलनला २३ मैल जात असेल आणि प्रीमियम गॅस ४ डॉलर गॅलन असेल, तर मैलाला सतरा सेंटांहून थोडे अधिक लागतात. रोज २५ मैल आणि वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर वर्षाची बचत साधारण साडेपाचशे डॉलर, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस डॉलर होते. प्लग-इन मॉडेलचा मासिक हप्ता गॅसच्या मॉडेलपेक्षा याहून जास्त वाढत असेल, तर पैशांच्या दृष्टीने तो सौदा आतबट्ट्याचा ठरतो. कॅलिफोर्नियातील काही भागांप्रमाणे वीज ३५ सेंटांवर गेली, तर या उदाहरणातील बचत शून्यावर येते. माझे आकडे बाजूला ठेवून स्वतःच्या वीजबिलावरचा दर घ्यावा आणि रोजचे मैल मोजून हेच गणित पुन्हा मांडावे.

बॅटरी संपल्यावर गाडी कशी चालते, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. नव्या गाडीच्या खिडकीवर चिकटवलेल्या ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) कागदावर विजेचा आणि केवळ गॅसचा असे दोन्ही आकडे छापलेले असतात. एक्स५मध्ये बॅटरी उतरल्यावरचे मायलेज साध्या सहा सिलिंडरच्या मॉडेलपेक्षा कमी भरते, कारण वजन वाढलेले असते. लेक्ससची गाडी मात्र त्यानंतरही उत्तम हायब्रिडसारखी वागते आणि तिला साधे ८७ ऑक्टेनचे गॅस चालते. ज्यांचा प्रवास मुख्यतः फ्रीवेवरचा आणि लांबचा आहे, त्यांनी गॅसचे किंवा साधे हायब्रिड मॉडेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या ओळखीचे लोक विजेवर चार्ज होणाऱ्या गाड्यांवरच्या ७,५०० डॉलरच्या कर-सवलतीबद्दल अजूनही सांगतात. २०२२च्या कायद्यानुसार लीजवरच्या गाड्यांसाठी ती लीज कंपनीला मिळत असे आणि पुष्कळदा हप्त्यातून आपल्यापर्यंत पोहोचत असे. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ही केंद्रीय सवलत लागू नाही, त्यामुळे त्याआधीच्या कोणाच्या हप्त्याशी आपल्या हप्त्याची तुलना करू नये.

आता लीजच्या कागदाकडे वळू. समजा, गाडीची छापील किंमत ७५,००० डॉलर आहे, घासाघीस करून ती ७०,००० वर आली आणि ३६ महिन्यांनंतरचे ठरलेले मूल्य, म्हणजे रेसिड्युअल, छापील किमतीच्या ५८ टक्के, अर्थात ४३,५०० डॉलर आहे. मधली २६,५०० डॉलरची घट ३६ महिन्यांत विभागली की सुमारे ७३६ डॉलर होतात. त्यावर व्याज येते, पण ते टक्क्यांत न लिहिता ०.००२५ अशा मनी फॅक्टरमध्ये लिहिलेले असते. ७०,००० आणि ४३,५०० यांच्या बेरजेला त्याने गुणले की आणखी २८४ डॉलर होतात, म्हणजे हप्ता कराआधीच १,०२० डॉलरवर जातो. मनी फॅक्टरला २,४०० ने गुणले की वार्षिक व्याजदर कळतो. इथे तो ६ टक्के आहे. एका डीलरकडे मला ‘लीजमध्ये व्याज नसतेच’ असे हसतमुखाने सांगण्यात आले होते. अशा वेळी मोबाइलवर हा गुणाकार करून दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो. डीलर मूळ मनी फॅक्टरमध्ये स्वतःची वाढ मिसळू शकतो, म्हणून गाडीची किंमत, रेसिड्युअल आणि मनी फॅक्टर हे तिन्ही आकडे लेखी मागावेत. करही राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात तो दर हप्त्यावर लागतो, तर टेक्सासमध्ये गाडीच्या पूर्ण किमतीवर ६.२५ टक्के आकारला जातो आणि बहुधा आपल्याच माथी येतो.

हप्ता कमी दिसावा म्हणून मोठे डाउन पेमेंट देण्याचा मोह टाळावा. दुसऱ्याच महिन्यात अपघातात गाडी निकामी झाली तर विम्याचे पैसे लीज कंपनीकडे जातात आणि आपण आधी भरलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही.

नवीन आलेल्यांनी इथल्या मुक्कामाची मुदतही पाहावी. आय-९४वर, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल ते दाखवणाऱ्या नोंदीवर, २० महिने उरलेले असताना ३६ महिन्यांची लीज घेणे धोक्याचे आहे, कारण मध्येच गाडी परत करायची म्हटले तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग भरावा लागू शकतो. लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते की नाही, हे कंपनीनुसार बदलते, तेव्हा ते आधी विचारावे. भारतातला गाडी चालवण्याचा अनुभव विमा कंपन्या सहसा जमेस धरत नाहीत आणि लीज कंपनी जास्त रकमेचा विमा मागते, म्हणून विम्याचा आकडा हप्त्याच्याही आधी काढावा.

आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर तिसऱ्या रांगेचा विचार हवा. व्होल्वो एक्ससी९०च्या प्लग-इन मॉडेलमध्ये सात जण बसतात, एक्स५च्या प्लग-इनमध्ये मात्र तिसरी रांग मिळत नाही.

लीजमध्ये गाडी चालवण्याची वार्षिक मर्यादा सहसा १०,०००, १२,००० किंवा १५,००० मैलांची असते. मर्यादेबाहेरच्या मैलासाठी शेवटी २५-३० सेंट भरण्यापेक्षा सुरुवातीलाच मोठी मर्यादा घेतलेली स्वस्त पडते. गाडी परत करण्याच्या महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी आणि गाडीसोबत आलेली चार्जिंग केबल गाडीत ठेवूनच चावी द्यावी. माझी केबल गॅरेजच्या खुंटीवर राहिली आणि तिचे बिल सहा आठवड्यांनी घरी आले.