वोर्टिपोर राजा खरा किती, हे कसं तपासायचं

जुन्या वेल्समधल्या कुठल्यातरी राजाचं नाव वाचलं आणि हा बाबा खरंच होऊन गेला का असा प्रश्न पडला, तर आधी नेटवरचे तयार फॅमिली ट्री बंद करा, तिथे सगळं एकत्र कालवलेलं असतं. त्याऐवजी त्याचं नाव कोणी, कधी आणि कशासाठी लिहिलंय ते वेगवेगळं काढायचं. डव्हेडचा, म्हणजे वेल्सच्या नैऋत्य कोपऱ्यातला वोर्टिपोर घेऊन दाखवतो, कारण हा माझा सगळ्यात आवडता आहे.

पहिला गिल्डस. सहाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मोपदेशक, लॅटिनमध्ये पाच राजांना नावं घेऊन झोडपतो, त्यात वोर्टिपोरला म्हणतो की केस पिकायला लागले तरी तू बिबट्यासारखा, पापांच्या ठिपक्यांनी भरलेला, चांगल्या राजाचा वाईट मुलगा. त्याच काळातला माणूस थेट त्याच्याशीच बोलतोय म्हटल्यावर हा राजा होता एवढं इथेच पक्कं होतं. बायको-मुलीबद्दलचे आरोप मात्र जपून घ्या, गिल्डसला इतिहास लिहायचा नव्हता, राजांना सुधारायचं होतं.

मग वंशावळी. एक वेल्श, दहाव्या शतकात जुळवलेली, हार्ली ३८५९ या साधारण ११०० च्या हस्तलिखितात आहे, त्यात 'मॅप' म्हणजे 'चा मुलगा'. ग्वोर्तेपिर (म्हणजे आपला वोर्टिपोर) मॅप ऐर्कोल मॅप ट्रिफुन, असं चढत चढत रोमन बादशहा मॅक्सिमस आणि तिथून थेट कॉन्स्टंटाइनपर्यंत जाते. दुसरी आयरिश, देशी नावाच्या टोळीच्या हकालपट्टीच्या कथेतली, त्यात गार्टबुइर (हाही वोर्टिपोरच), अल्कोल, ट्रेस्टिन, आणि वर गेलं की समुद्रापार आलेला आयरिश एओखाइद. दोन्ही शेजारी शेजारी लिहून काढा, खरंच वहीत लिहा, नुसतं वाचून कळत नाही. खालची तीन नावं जुळतात आणि त्याच्या वर फाटे फुटतात. जुळतं तिथे विश्वास ठेवायचा, फाटा फुटतो तिथे ही यादी कोणाला हवी होती ते विचारायचं. वेल्श यादी, ती जुळवली तेव्हा राज्य करणाऱ्या ओवेन राजाच्या आईकडची, एलेनकडून वर जाणारी आहे, आणि दहाव्या शतकातल्या त्या दरबाराला आयरिश पूर्वजांपेक्षा रोमन बादशहा जास्त शोभला असणार असं मला वाटतं.

आता वोर्टिपोरसारखंच नाव कोरलेला दगड, आणि इथे घाई करू नका. १८९५ मध्ये कास्टेल ड्वीरनच्या चर्चजवळ सापडला, आता ॲबरग्विलीच्या म्युझियममध्ये आहे. वर वर्तुळातला क्रॉस, खाली लॅटिनमध्ये 'मेमोरिया वोटेपोरिगिस प्रोटिक्टोरिस', म्हणजे प्रोटेक्टर वोटेपोरिक्सची आठवण, आणि कडेला ओघमच्या, म्हणजे जुन्या आयरिश लिपीच्या, रेघांमध्ये तेच नाव आयरिश वळणाने, वोटेकोरिगास. ब्रिटिश, म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेतल्या, 'प' च्या जागी आयरिश 'क', एकाच दगडावर दोन भाषा बोलणारे लोक दिसतात, आयरिश वंशावळ हवेतली नाही याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. प्रोटेक्टर हा रोमन सैन्यातला हुद्दा, आणि गंमत म्हणजे वेल्श वंशावळीत मॅक्सिमसच्या वर 'प्रोटेक मॅप प्रोटेक्टर' अशी चक्क दोन माणसं बसलीयेत! हुद्द्याचा पूर्वज झाला. त्यामुळे अशा याद्यांमध्ये रोमन पदासारखं वाटणारं नाव दिसलं की तिथे खूण करून ठेवा, ट्रिफुनसुद्धा लॅटिन 'ट्रिब्यूनस' वरून आलेलं नाव आहे, फक्त तो आयरिश यादीतही आहे म्हणून त्याला खोडायचं नाही.

शेवटचं काम अक्षरं मोजायचं. दगडावर वोटेपोर, गिल्डसकडे वोर्टिपोर, मधला 'र' दगडावर नाही. आधी सगळे दोघांना एकच धरायचे, पण 'वो' आणि 'वोर' हे वेगळे उपसर्ग आहेत म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी दगडावरचा माणूस वेगळा असल्याचं दाखवलं, आणि मला ते पटतं. त्यामुळे वहीत गिल्डसचा राजा आणि त्याच्या वरच्या दोन पिढ्या पेनाने, त्यापुढचं सगळं पेन्सिलने, आणि वोटेपोरिक्स बाजूला वेगळ्या चौकटीत, रेघ न जोडता.