जुना पिस्टन भंगारात टाकण्याआधी

जुन्या कास्ट आयर्न ३५० बुलेटचं इंजिन उघडलं, की आधी एक काम करा. निघालेला पिस्टन, त्याची पिन, रिंगा आणि सर्क्लिप (पिन अडवणाऱ्या कड्या) स्वच्छ पुसून एकत्र वजन करा आणि आकडा लिहून ठेवा. घरातला डिजिटल काटा चालतो, फक्त स्वयंपाकघरात कुणाला कळू देऊ नका.

एकच सिलिंडर, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल). वरखाली होणाऱ्या वजनाचा काही भागच फ्लायव्हील (क्रँक या फिरत्या दांड्यावरचं जड चाक) तोलून धरतं. पूर्ण तोल साधायला गेलं, तर उभा धक्का कमी होऊन आडवा वाढतो. बोअर करून (सिलिंडर आतून मोठा कापून) ओव्हरसाइज पिस्टन घातला, की त्याचं वजन बहुधा वाढतं. चार-पाच ग्रॅमने फारसं बिघडत नाही. फरक मोठा असेल, तर स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) आतल्या खालच्या कडेचं थोडं मटेरियल लेथवर काढून जुन्या आकड्याजवळ आणा. पिन बॉसला (पिन बसते त्या जाड भागाला) हात लावू नका. फ्लायव्हीलला ड्रिल मारायची घाई तर मुळीच नको, काढलेलं लोखंड परत येत नाही. माझ्या एका क्रँकला कारागिराने वजन न करताच भोकं पाडली होती. वेग साठच्या पुढे गेला, की थरथरीने आरशात मागचा ट्रक दोन दिसायचा.

अर्थात क्रँकच वाकडा जोडला असेल, तर हा सगळा हिशोब फुकट. क्रँकपिनचे नट आवळल्यावर व्ही-ब्लॉकवर (व्ही खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून दोन्ही बाजूंच्या शाफ्टना डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावा. काटा ०.०५ मिमीच्या आत हलला पाहिजे. जास्त हलला, तर तांब्याच्या हातोडीने फ्लायव्हीलच्या कडेवर एकच टोला, मग पुन्हा गेज.