काळ्या रानात घर बांधताय? पैसे आधी पायात घाला

सांगलीत प्लॉट बघायला मे महिन्यात जा. काळ्या मातीला किती रुंद भेगा पडतात ते तेव्हाच दिसतं. त्याआधी मात्र पूररेषेचा नकाशा बघा. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, त्यामुळे 'इथं कधी पाणी येत नाही' हे एजंटचं बोलणं सोडून द्या आणि शेजारच्या भिंतीवरची पुराची खूण शोधा. नकाशावर निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट फुकट मिळाला तरी नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंमी वर घ्यावं लागतं. त्या भरावाचा खर्च प्लॉटच्या किमतीतच धरा.

आता माती. ही पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. घराखालची माती बरीचशी तशीच राहते, कडेची हलते. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात, दारं अडकायला लागतात. गवंडी त्यात पुट्टी भरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा तिथंच.

जेसीबीनं दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम कुठं लागतो ते बघा. आठ-दहा फुटांत लागला तर फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पायाचा रुंद भाग, मुरमावरच टेकवा, फूटभर माती मध्ये ठेवून नाही. त्याहून खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतलेला काँक्रीटचा खांब. त्याच्या तळाशी गोळा असतो, खोडाच्या अडीचपट रुंद, आणि लांबी किमान साडेतीन मीटर. किती आणि कुठं, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल, मिस्त्री नाही.

जोत्यात खोदलेली काळी मातीच परत ढकलतात, सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. भराव मुरमाचाच हवा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसनं ठोकून दाबलेला. एकदम चार फूट ओतून वरून पाणी सोडलं, की वर्षभरात फरशी बसते.

एम-२० या ताकदीच्या काँक्रीटला सिमेंटच्या पन्नास किलोच्या पोत्यामागे पाणी साडेसत्तावीस लिटरच्या आत. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. कामगार 'माल सरकत नाही' म्हणून बादली ओततात. व्हायब्रेटर मागवा, पाणी नको. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, फूटिंगला ५०, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २० मिमी. कव्हर ब्लॉक सिमेंटचेच, खडीचे तुकडे नकोत. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारा, कॉलमला गोणपाट गुंडाळून.

घराभोवती चार-पाच फुटांची फरसबंदी करा, उतार बाहेर. नळाची गळती आणि भिंतीलगतचा कडुनिंब, दोन्ही पायाला घातक.

तयार रो-बंगला घेत असाल तर फूटिंगचे फोटो आणि पायाचं ड्रॉइंग मागा. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात, नोंद असलेल्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि बांधणीतले दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवले तर बिल्डरला ते स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावे लागतात. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र हातात घ्या, 'येतंय' या शब्दावर किल्ली घेऊ नका.