रवा की पीठ : घरच्या फणसाच्या फळ्या काढताना

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागचा फणस मुळासकट आडवा झाला. सोबत दोन आंबे गेले, पोफळी किती गेल्या ते कोणी मोजलंच नाही. आंबा गावात ज्याने मागितला त्याला दिला. फणसाला मात्र आईने कोणाला हात लावू दिला नाही. "याच्या फळ्या काढायच्या," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, टाळेबंदीमुळे गावी अडकलेला. तोवर हातात धरलेलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे विळी.

सॉ-मिलवाल्याला फोन केला. ओंडका रस्त्यावर आणून द्या, पुढचं आम्ही बघतो, असं उत्तर आलं. ओंडका होता घराखालच्या दुसऱ्या टप्प्यावर. गावातल्या सुतारांनी, मेस्त्रीकाकांनी, घेर मोजला, ६४ इंच. त्याची चौथाई १६, सोळा सोळे दोनशे छप्पन्न, गुणिले आठ फूट लांबी, भागिले १४४, म्हणजे १४ घनफूट. लाकूडवाल्यांचा हा हिशोब खऱ्या आकारमानापेक्षा पाचव्या हिश्शाने कमीच भरतो. ओलं लाकूड, चारशे किलोंच्या पुढे. खालून वर आणायला माणसं मिळाली असती तरी पायऱ्या उरल्या नसत्या. तेव्हा ठरलं की ओंडका मशीनकडे जाणार नाही, मशीन ओंडक्याकडे जाईल.

कागदांचं आधी सांगतो, कारण ते लोक शेवटी आठवतात. झाडतोडीसाठी महाराष्ट्रात १९६४ चा कायदा आहे आणि कोणत्या जातीला परवानगी लागते याची यादी त्यात आहे. झाड वादळाने पाडलेलं असलं तरी पंचनामा करून घ्या, पडलेल्या झाडाचे फोटो काढा, सातबाऱ्याची प्रत सोबत ठेवा आणि करवत लावण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. मी लिहितोय ते स्वतःच्या जागेतलं पडलेलं झाड, स्वतःच्या घरासाठी, एवढ्यापुरतंच. शेजाऱ्यांची लाकडं पैसे घेऊन कापून द्यायचा मोह झाला तर तो वेगळा धंदा आहे, त्याला परवाने लागतात.

आणखी एक काम मी केलं नाही, तुम्हीही करू नका. उन्मळलेल्या झाडाचं खोड मुळापासून तोडणं. वर उचललेला मुळांचा गड्डा खोडाच्या वजनाने तोललेला असतो. खोड सुटलं की तो पुन्हा खड्ड्यात बसतो, आणि मागे कोण उभं आहे हे बघत नाही. ते आम्ही रोज झाडं तोडणाऱ्या माणसांकडून करून घेतलं.

मशीन म्हणजे चेनसॉ, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. घेतलं ते ५८ सीसीचं, २२ इंची बारचं (बार म्हणजे जिच्याभोवती दातेरी चेन फिरते ती पट्टी), ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं. त्याच्यावर बसणारी अलास्कन मिल नावाची लोखंडी-ॲल्युमिनियमची चौकट वेगळी मागवली. ही चौकट ओंडक्याच्या सपाट केलेल्या पाठीवर सरकते आणि ठरवलेल्या खोलीवर चेन आडवी धरून ठेवते. पहिला धडा इथेच मिळाला. २२ इंची बार म्हणजे २२ इंची फळी नव्हे. चौकटीच्या पकडीत तीन-चार इंच जातात. माझा ओंडका २० इंच जाड, हातात उरले १८. मग दोन्ही कुशी आधी तासून घ्याव्या लागल्या. आज घ्यायचं असतं तर मी ७० सीसीच्या वरचं घेतलं असतं. छोटं मशीन काम करत नाही असं नाही, पण त्याला धाप लागते आणि तुमचा धीर सुटतो. आठ फुटांच्या एका कापाला मला वीस मिनिटं आणि जवळजवळ एक टाकी पेट्रोल लागायचं.

हेल्मेट, जाळी, कानावर मफ, चेन अडकवून थांबवणाऱ्या धाग्यांची पँट आणि जाड बूट याच्यात कंजुषी नको. मास्क घरात होतेच, वर्ष २०२० होतं.

आता चेन. मशीनसोबत जी चेन येते ती झाड आडवं तोडण्यासाठी असते. तिच्या दाताचा वरचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो. फळ्या काढताना आपण तंतूंच्या दिशेने पुढे जातो, आणि तिथे १० अंशांची धार सरस. काप गुळगुळीत येतो, बार इकडेतिकडे ओढला जात नाही. तशी तयार चेन मिळते. मी जुनीच घासून १० वर आणली, पूर्ण दुपार गेली. माझ्या चेनचा पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर, ०.३२५ इंच, त्याला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात किती खोल चावेल ते तो ठरवतो. दात घासून घासून खाली गेला की तो उंचवटाही सपाट कानशीने उतरवावा लागतो. साधारण ०.६५ मिलिमीटरचा फरक राखायचा. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी धारदार चेनने लाकडाला नुसतं कुरवाळत होतो.

दुसऱ्या कापाच्या मध्यावर मशीन ओरडायला लागलं. मी अंगाचा जोर लावून ढकलतोय, काप पुढे सरकत नाही. मेस्त्रीकाका बांधावर बिडी पेटवून बसले होते. उठले, मला थांबायची खूण केली, खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"हा रवा आहे की पीठ?"

"पीठ," मी म्हणालो.

"मग गिरणी कशाला चालवतोस? धार लाव."

चेनसॉबद्दल नंतर जे जे वाचलं ते सगळं या एका प्रश्नात मावतं. भुसा रव्यासारखा पडतोय तोवर चालू द्या. पिठासारखा झाला, धूर आला, ढकलावं लागतंय असं वाटलं, की थांबा. मी मग प्रत्येक कापानंतर धार लावायचा नियम केला. प्रत्येक दाताला दोन-तीन घासे, सगळ्यांना सारखेच. एका बाजूला जास्त घासलं की चेन वाकडी धावते आणि फळीला जिना येतो. फणसाचा चीक चेनवर आणि कानशीवर बसतो. रॉकेल मिळेना, खोबरेल तेलाने भागलं.

इंजिनाचेही हाल होतात. झाड आडवं तोडताना मशीन मिनिटभर ओरडतं आणि विसावतं, इथे वीस मिनिटं पूर्ण रेस. टू-स्ट्रोकचं तेल मोजून घाला. पन्नासास एक म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर. अंदाजे ओतू नका. बार-चेनला वंगण देणारं तेल नेहमीच्या दुप्पट लागतं. काप संपल्यावर मशीन लगेच बंद करू नका, रेस सोडून मिनिटभर चालू ठेवा, थोडं निवेल. आणि दिवस संपला की टाकी रिकामी करा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, कोकणात तर हवेत पाणीच जास्त.

आता माझी सगळ्यात महाग चूक. पहिल्या कापाला ओंडका गोल असतो, चौकट सरकणार कशावर? म्हणून वर काहीतरी सरळ आणि ताठ बसवावं लागतं. शिडी, लोखंडी चॅनेल, काहीही. मी माळ्यावरचं एक जुनं फळकूट घेतलं, दोन टोकांना स्क्रू मारले आणि सुरू झालो. मध्ये आधार दिला नाही. मशीनच्या वजनाने फळकूट मध्ये तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दबलं. डोळ्याला ते दिसलं नाही.

पुढचा प्रत्येक काप आधीच्या पृष्ठभागावरून जातो. म्हणजे पहिल्या कापातली चूक इमानदारीने प्रत्येक फळीत उतरते. तीन फळ्या निघाल्यावर मेस्त्रीकाकांनी एका फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि मध्ये बोट घातलं. बोट आरामात गेलं.

"जाडी सारखी काढलीस हो," ते म्हणाले, "पण पाळणा झालाय."

मग इलेक्ट्रिशियनची ॲल्युमिनियमची शिडी मागून आणली, खाली दर दोन फुटांवर पाचरी ठोकल्या, दोरा लावून तपासलं आणि पहिला काप पुन्हा घेतला. त्यात अर्धा तास गेला. हा अर्धा तास पहिल्या दिवशी द्यायला हवा होता. काप पुढे जाईल तशी मागे फटीतही लाकडी पाचर मारत जा, नाहीतर वरची फळी बसते आणि बार पकडते.

चौथ्या फळीला एक ठिणगी उडाली आणि पुढच्या क्षणी भुशाचं पीठसुद्धा पडेना. खिळा. लाकडात चार इंच आत, भोवती शाईसारखा काळा डाग. वर सालीवर काहीच खूण नव्हती. आईला दाखवला तर ती म्हणाली, आजीची कपडे वाळत घालायची दोरी तिथेच बांधलेली असायची. घराजवळच्या झाडात खिळे असतातच असं समजून चाला. सालीवर सुजल्यासारखा भाग दिसला की संशय घ्या, धातुशोधक फिरवून बघा. त्या चेनचे अकरा दात गेले.

चेन लाकूड किती खाते तेही आधी माहीत असावं. माझा काप अडीच सुतांचा. एक इंची चार फळ्या काढल्या की सव्वा इंच लाकूड भुशात जातं. सॉ-मिलचा पट्टा सूतभर खातो. म्हणून चेनसॉने पातळ फळ्या काढायच्या भानगडीत पडू नये. मी दीड इंची काढल्या. एका ओंडक्याच्या सात निघाल्या. मधली, ओंडक्याच्या बरोबर केंद्रातून गेलेली, महिनाभरात उभी चिरली. ती तशी चिरतेच, तिच्यावर मनोरे बांधू नका.

वाळवणं हे खरं काम. झाड जूनमध्ये पडलं, कापलं नोव्हेंबरात. मधल्या काळात मी टोकांना काही लावलं नव्हतं. पावसाळाभर काही दिसलं नाही. ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि दोन्ही टोकं तडकली. आठ फुटांतला पाऊण फूट तिथेच गेला. ओंडका तोडला त्याच दिवशी टोकांना ऑइल पेंटचे दोन जाड हात मारले असते तर बराच वाचला असता. सालही मी काढली नव्हती, तिच्याखाली किड्यांनी संसार मांडला होता. बाहेरचा पांढरा भाग त्यांनी पोखरला. पिवळ्या गाभ्याला ते शिवले नाहीत. उरलेल्या पांढऱ्या भागाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशने लावलं. ते पावसात धुऊन जातं, म्हणून लाकूड छपराखाली हवं.

चळत पडवीत लावली, उन्हात नाही. खाली चिरे, त्यावर फळी, दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या आडव्या पट्ट्या, वर पुढची फळी. पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत आल्या पाहिजेत. आणि त्या सुक्या लाकडाच्या हव्यात. मी ओल्या फणसाच्याच तुकड्यांच्या केल्या आणि प्रत्येक पट्टीखाली बुरशीचा आडवा डाग उमटला. सगळ्यात वर पुन्हा चिरे, वजनाला. जाडीच्या इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब आमच्याकडे पुरत नाही, पावसाळ्याचे चार महिने लाकूड सुकायच्या ऐवजी ओल घेतं. मी एक तुकडा बाजूला ठेवून दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत गेलो. दोन पावसाळे उलटल्यावर उन्हाळ्यात सलग तीन महिने आकडा हलला नाही, तेव्हा मेस्त्रीकाकांना बोलावलं.

रंधा फिरला तसा हळदीसारखा रंग वर आला. सरळ निघालेल्या फळ्यांचा ओटीवर बसायचा बाक झाला. उजेडाने तो रंग आता तपकिरीकडे झुकलाय. मजुरीचं विचारलं तर मेस्त्रीकाकांनी अर्धेच पैसे घेतले आणि पाळणा झालेल्या तीन फळ्या मागून नेल्या. त्यांचे पाट करणार म्हणाले. आठ फुटांतला तीन सुतांचा वाक दीड फुटाच्या तुकड्यात कोणाच्या बापाला दिसत नाही.